पुलाचा फोटो आणि माझे नाव

गेल्या हिवाळ्यात आमच्या शाळेतील सातवीच्या अठ्ठावीस मुलामुलींना घेऊन मी गावातून फेरी काढली. इतिहास व नागरिकशास्त्राच्या आकारिक मूल्यमापनासाठी प्रकल्प द्यावा लागतो. दरवर्षी मुले बाजारातून छापील चित्रे आणतात, तक्त्यावर चिकटवतात आणि आम्ही शिक्षक त्यावर गुण देऊन मोकळे होतो. यंदा मुलांनी स्वतःचे गाव स्वतःच्या डोळ्यांनी पाहावे असे ठरवले. विषय दिला, 'हमारे गाँव की पुरानी इमारतें'. नगरपालिकेची इमारत, टपाल कचेरी, दर्ग्याची कमान, मारुतीच्या देवळापुढची दीपमाळ आणि शेवटी नदीवरचा इंग्रजांच्या वेळचा दगडी पूल. तीन मोबाईल होते. एक माझा, दोन पालकांकडून मागून आणलेले.

पुलावर एक हवालदार आला. "कुणाला विचारून फोटो काढताय?"

मी म्हटले, "साहेब, शाळेचा प्रकल्प आहे."

"कुठली शाळा?" सांगितली. "नाव काय तुमचं, मॅडम?" तेही सांगितले.

एवढ्या वेळपर्यंत तो उन्हात उभा राहून कंटाळलेला एक सरकारी माणूस होता. नाव ऐकल्यावर त्याचा सूर बदलला. आधार कार्ड आहे का? मूळच्या कुठल्या? हे फोटो कुठे पाठवणार? दुसरा मोबाईल कुणाचा, त्याचा बाप काय करतो? मग तिन्ही मोबाईलमधले त्या दिवसाचे सगळे फोटो त्याने आम्हाला पुसायला लावले. पुलाबरोबर टपाल कचेरी गेली, दर्ग्याची कमान गेली, दीपमाळही गेली. तो ओरडला नाही, हे मुद्दाम नमूद करते. "तुमच्याच भल्यासाठी सांगतोय," असे म्हणाला.

त्याच वेळी पुलाच्या पलीकडच्या कठड्याशी एका जोडप्याचे लग्नाआधीचे फोटो काढणे चालले होते. दोन छत्र्या, एक दिवा आणि आमच्या तिन्ही मोबाईलच्या किमतीला पुरून उरेल असा कॅमेरा. तिकडे कुणी गेले नाही. जायला नकोच होते. माझी तक्रार त्या जोडप्याबद्दल नाही. त्यांनी सुखाने फोटो काढावेत, त्यांचा संसार चांगला व्हावा. प्रश्न एवढाच की पूल तोच होता, ऊन तेच होते, मग गुन्हा कशात होता? फोटोत की नावात?

त्या संध्याकाळी मी कायदा वाचायला बसले. बी.एड.ला आम्हाला शिक्षणहक्काचा कायदा शिकवतात, रस्त्याचा कायदा कोणी शिकवत नाही. जे वाचले ते इथे सविस्तर सांगणार आहे, कारण आपल्यातल्या शिकल्यासवरलेल्यांनाही ते ठाऊक नाही, आणि ठाऊक नसल्यामुळेच आपण मान खाली घालून मोबाईल पुढे करतो.

सार्वजनिक रस्त्यावर उभे राहून समोरच्या इमारतीचा फोटो काढू नये असा सर्वसाधारण कायदा या देशात नाही. उलट प्रताधिकार कायदा, १९५७, याच्या कलम ५२ मध्ये स्पष्ट म्हटले आहे की वास्तुशिल्पाचे चित्र किंवा छायाचित्र काढणे व प्रसिद्ध करणे हा प्रताधिकाराचा भंग नाही. सार्वजनिक जागी कायम उभ्या असलेल्या पुतळ्यालाही तेच लागू आहे. पुरातत्त्व खात्याच्या ताब्यातील स्मारकांत पूर्वी फोटोंवर नाना बंधने होती. जुलै २०१८ मध्ये त्या खात्याने तीन ठिकाणे सोडून सगळीकडे परवानगी दिली. अजिंठ्याची लेणी, लेहचा राजवाडा आणि ताजमहालातील कबरींची जागा, ही ती तीन. म्हणजे बीबी-का-मकबऱ्यासमोर उभे राहून कुणीही फोटो काढू शकतो. आमच्या पुलाला कोणता असा मोठा मान मिळाला आहे?

पुलाबद्दल बोट दाखवले जाते ते शासकीय गुपिते अधिनियमाकडे. हा कायदा १९२३ सालचा, गोऱ्या साहेबाने केलेला. यात 'प्रतिबंधित स्थान' अशी संज्ञा आहे. लष्करी ठाणी, दारूगोळ्याचे कारखाने वगैरे त्यात येतात आणि ते योग्यच आहे. रेल्वे, रस्ते, पूल, पाणीपुरवठ्याची ठिकाणे हीसुद्धा त्यात येऊ शकतात, पण केव्हा? केंद्र सरकारने राजपत्रात तशी अधिसूचना काढली असेल तेव्हा, आणि त्या अधिसूचनेची प्रत इंग्रजीत व स्थानिक भाषेत त्या जागी लावली असेल तेव्हा. स्थानिक भाषेत, हे लक्षात घ्या. शंभर वर्षांपूर्वीच्या परक्या सरकारलाही एवढे कळत होते की ज्याला मनाई करायची त्याला ती त्याच्या भाषेत सांगितली पाहिजे. मी दुसऱ्या दिवशी पुन्हा पुलावर गेले आणि दोन्ही टोके पाहिली. एका बाजूला कोचिंग क्लासची जाहिरात होती, दुसऱ्या बाजूला एका पुढाऱ्याला वाढदिवसाच्या शुभेच्छा होत्या. अधिसूचना नव्हती, साधा मनाईचा फलकही नव्हता.

याच कायद्याबद्दल मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाचा जुलै २०२२ चा एक निकाल आहे. वर्ध्याच्या पोलीस ठाण्यात २०१८ मध्ये मोबाईलवर चित्रीकरण केले म्हणून एका नागरिकावर या कायद्याखाली गुन्हा नोंदवला होता. न्यायालयाने तो रद्द केला. प्रतिबंधित स्थानाच्या व्याख्येत पोलीस ठाणे येत नाही, असे सांगितले. खुद्द पोलीस ठाणे जर प्रतिबंधित नाही, तर पोलिसाच्या नजरेच्या टप्प्यात येणारा प्रत्येक पूल कसा होईल?

आता पुसायला लावण्याबद्दल. फोटो काढणे हा गुन्हा असेल तर तो फोटो हा पुरावा आहे. पोलिसाने मोबाईल रीतसर जप्त करावा, पंचनामा करावा, न्यायदंडाधिकाऱ्याला कळवावे. पुरावा पुसून टाकायला लावणे हे पोलिसाचे काम कधीपासून झाले? आणि तो गुन्हा नसेल, तर माझ्या मोबाईलला हात लावण्याचा अधिकार कुठून आला? या दोहोंच्या मधली तिसरी जागा कोणत्याही कलमात नाही. ती फक्त आपल्या भीतीत आहे.

त्या जुन्या कायद्यात एक वाक्य मात्र असे आहे की ते वाचून मी बराच वेळ गप्प बसले. कलम ३ मध्ये म्हटले आहे की आरोपीने देशाच्या सुरक्षेला बाधक असे एखादे विशिष्ट कृत्य केल्याचे सिद्ध झाले नाही तरी चालेल. परिस्थितीवरून, त्याच्या वागण्यावरून किंवा त्याच्या ज्ञात चारित्र्यावरून त्याचा हेतू बाधक दिसला तर त्याला शिक्षा होऊ शकते. ज्ञात चारित्र्य! हे न्यायालयात सिद्ध करावे लागते, असे कायदा म्हणतो. पण पुलावर न्यायालय नसते. पुलावर चारित्र्य कशावरून ज्ञात होते? नावावरून, शाळेच्या माध्यमावरून, डोक्यावरच्या ओढणीवरून.

यावर हमखास येणारे उत्तर मला माहीत आहे. देशाच्या सुरक्षेचा प्रश्न आहे, मुंबईवर हल्ला झाला होता, चौकशी नको का? तर मग मुंबईच्या हल्ल्याबद्दलच बोलू. त्या हल्ल्यासाठी ताजमहाल हॉटेलसह मुंबईतल्या अनेक जागांचे चित्रीकरण करून नेणारा माणूस कोण होता? दाऊद गिलानी. २००६ मध्ये त्याने अमेरिकेत रीतसर नाव बदलून डेव्हिड कोलमन हेडली असे करून घेतले. कशासाठी, तेही त्याने अमेरिकन न्यायालयापुढे कबूल केले आहे. भारतात मुसलमान किंवा पाकिस्तानी न वाटता केवळ अमेरिकन म्हणून फिरता यावे यासाठी. आपल्याकडे नाव विचारतात आणि नावावर समाधान मानतात, हे त्याला बरोबर कळले होते. तो आला, कॅमेरा घेऊन हिंडला, पुन्हा पुन्हा आला आणि गेला. २०१३ मध्ये अमेरिकेत त्याला ३५ वर्षांची शिक्षा झाली. नाव पाहून संशय घेणाऱ्या व्यवस्थेने खरा हेर सोडला. आणि २६ नोव्हेंबर २००८ च्या रात्री छत्रपती शिवाजी टर्मिनसवर कसाबचे जे फोटो निघाले, जे पुढे खटल्यात पुरावा ठरले, ते कोणी काढले? सेबॅस्टियन डिसोझा या वृत्तपत्र-छायाचित्रकाराने, सार्वजनिक जागी, जीव मुठीत धरून. त्या वेळी त्याला कोणी 'परवानगी आहे का' असे विचारले असते तर?

शिवाय आता ज्या गोष्टीची मनाई करायची ती जगजाहीर आहे. जुलै २०२२ मध्ये गुगलने देशातील दहा शहरांच्या रस्त्यांची चित्रे सर्वांसाठी खुली केली. त्यात मुंबई, पुणे, नाशिक आणि अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, ही आपली चार शहरे होती. कंपन्यांच्या गाड्यांनी कॅमेरे लावून भिंतीन् भिंत टिपली. आधी अनेक वर्षे सरकारने सुरक्षेचे कारण देऊन हे अडवून ठेवले होते, मग परवानगी दिली. परदेशी कंपनीला जे चालते ते तालुक्याच्या गावच्या मास्तरणीला चालत नाही.

इथपर्यंत वाचून आपल्यातले अनेक जण माना डोलावतील. आपल्यावर अन्याय होतो हे वाचायला आपल्याला आवडते. म्हणून आता आपल्या लोकांबद्दल बोलते.

शाळेत परतल्यावर हेडसर म्हणाले, "कशाला नसती ब्याद ओढवून घेतलीत? पुढच्या वर्षी तक्ताच द्या." हवालदाराच्या प्रश्नांपेक्षा हे मला जास्त लागले. हवालदार परका होता. हेडसरांनी मला सहावीत असताना उर्दू शिकवले आहे. माझ्या घरीही तोच सूर. मोहल्ल्यातले एक बुजुर्ग तर म्हणाले, "बेटी, तस्वीर खींचना वैसे भी जायज नहीं." या बुजुर्गांनी हजच्या अर्जावर स्वतःचा फोटो चिकटवला तेव्हा त्यांना हा मसला आठवला नव्हता. नातीच्या लग्नाचा व्हिडिओ सहा तासांचा आहे, तो मी त्यांच्याच घरी पाहिला आहे. मजहबचे नाव पुढे केले, पण आत भीती होती. भीतीला भीती म्हणावे, तिच्यावर मजहबची चादर घालू नये.

आणि आपल्या मशिदींच्या दारात काय चालते? वास्तुकलेचा अभ्यास करणारी मुले येतात, रस्त्यावरून कमानीचे, मिनाराचे फोटो काढू लागतात, की कोणीतरी धावत जाऊन हटकतो. कशाला काढताय, कुणी पाठवलं, नाव काय? तोच प्रश्न! पुलावर मला विचारलेला, शब्दही तेच. मशिदीच्या आत काय करावे हे ट्रस्टींनी ठरवावे, तो त्यांचा हक्क आहे. नमाज चालू असताना कॅमेरा नाचवणे बेअदबीच आहे. पण रस्त्यावरून दिसणाऱ्या भिंतीवर ट्रस्टचीही मालकी चालत नाही आणि हवालदाराचीही नाही. आपण नाव विचारून माणसे परतवतो आणि मग म्हणतो, आमच्या वस्त्यांबद्दल कुणाला काही माहीत नाही. माहीत व्हावे कसे? वृत्तपत्रवाल्याला मग एकच फोटो उरतो. तलाक असो, लोकसंख्या असो, शिक्षण असो की निवडणूक असो, बुरख्यातल्या तीन बायका पाठमोऱ्या चालल्या आहेत. तो फोटो काढणाऱ्याने त्या बायकांना विचारलेले नसते. कायद्याने विचारण्याची सक्ती नाही, हे मान्य. पण तो फोटो त्या बातमीशी जोडताना त्या बायकांची काय बदनामी होते याचा विचार करायला कुठला कायदा आडवा येतो? त्यातली एखादी डॉक्टरीण असेल, एखादी माझ्यासारखी पेपरांचे गठ्ठे घेऊन घरी निघालेली असेल.

माझ्या म्हणण्याला सर्वांत जड जाणारे उदाहरण मी टाळणार नाही. २००२ सालच्या अहमदाबादचा तो फोटो आपल्यापैकी प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर आहे. हात जोडलेला, डोळ्यांत पाणी आलेला शिंपी. रॉयटर्सच्या अर्को दत्ता यांनी तो काढला. तो सार्वजनिक जागी, कुणाची परवानगी न घेता काढला आणि काढला म्हणूनच गुजरातेत काय झाले ते जगाला नाकारता आले नाही. मी त्या फोटोच्या बाजूने आहे. पण त्या माणसाचे काय झाले? तो गाव सोडून आपल्या मालेगावला बहिणीकडे आला, कामाला लागला. मग वर्तमानपत्रातला फोटो कामाच्या जागी पोचला आणि मालकाने त्याला काढून टाकले. नको ती झंझट. पुढे कलकत्ता, मग पुन्हा अहमदाबाद. ज्याच्या चेहऱ्याने हजारोंची साक्ष दिली त्याला स्वतःचा चेहरा लपवत फिरावे लागले. मी त्याचे नाव इथे लिहीत नाही. आपण सगळ्यांनी ते पुरेसे वापरले आहे, सभांच्या फलकांवरही. फलक लावताना त्याला किती जणांनी विचारले होते? आणि मालेगावात त्याला कामावर ठेवून घ्यायला किती जण पुढे आले?

मग माणसांचे फोटो काढूच नयेत का? तसे नाही. फोटो काढणे आणि त्या फोटोने माणसाला बांधून टाकणे, या दोन गोष्टी वेगळ्या आहेत. सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायाधीशांनी २४ ऑगस्ट २०१७ रोजी खासगीपणा हा मूलभूत हक्क असल्याचा निकाल दिला. माणूस सार्वजनिक जागी आला म्हणून त्याचा खासगीपणा संपत नाही, हेही त्यात आले आहे. बाईच्या शरीराचे चोरून चित्रण करणे तर कायद्याने रस्त्यावरही गुन्हाच आहे. गोव्याच्या पर्यटन खात्याने जानेवारी २०२३ मध्ये पर्यटकांना सूचना केली की समुद्रावर अनोळखी लोकांचे फोटो त्यांना विचारल्याशिवाय काढू नका. पणजीच्या फोंताइन्हास भागातल्या रहिवाशांनी दारात येणाऱ्या फोटोवाल्यांना वैतागून पाट्या लावल्या, तेव्हा सर्वांना त्यांची अडचण कळली. आमच्या मोहल्ल्यातील बाईने पदर ओढून 'फोटो नको' म्हटले की मात्र तो मागासलेपणा ठरतो.

आणि या हक्काची खरी गरज आहे ती सरकारच्या कॅमेऱ्यापुढे. मे २०२१ मध्ये टाळेबंदीच्या काळात हैदराबादच्या पोलिसांनी एका कार्यकर्त्याला रस्त्यात थांबवले, तोंडावरचा मास्क काढायला सांगितला. त्याने नकार दिला, तरी त्याचा फोटो घेतला. त्या वेळी लागू असलेला १९२० चा कायदा कैद्यांचे आणि अटक झालेल्यांचे फोटो घेण्यापुरता होता. त्याच्या जागी २०२२ मध्ये आलेला नवा कायदाही शिक्षा झालेल्या, अटकेतल्या किंवा स्थानबद्ध माणसांबद्दलच बोलतो. रस्त्याने जाणारा माणूस यातला कोणीच नाही. पण हा गृहस्थ गप्प बसला नाही. त्याने पोलीस आयुक्तांना नोटीस पाठवली, मग चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेविरुद्ध उच्च न्यायालयात गेला, आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यायालयाने सरकारकडून उत्तर मागवले. मार्च २०२० मध्ये लखनौच्या चौकाचौकांत आंदोलकांचे फोटो नावपत्त्यांसह टांगले गेले. अलाहाबाद उच्च न्यायालयाने कुणी अर्ज न करता रविवारी न्यायालय भरवले आणि दुसऱ्या दिवशी ते फलक उतरवण्याचा हुकूम दिला. असे फलक लावण्याला कायद्याचा आधार नाही, असे न्यायालयाने म्हटले.

याच महिन्यात, ११ मार्च २०२० रोजी, दिल्लीच्या दंगलीबद्दल बोलताना गृहमंत्र्यांनी लोकसभेत सांगितले की चेहरे ओळखणाऱ्या यंत्रणेने अकराशेहून अधिक लोक शोधले आणि त्यासाठी मतदार ओळखपत्रांची व वाहन परवान्यांची माहिती वापरली. आपण मतदार यादीसाठी फोटो दिला होता तो मत देण्यासाठी. तो आणखी कशाकशासाठी वापरला जाईल, हे आपल्याला कोणी विचारले होते का?

आम्ही शिक्षकही यात सामील आहोत, हे कबूल केले पाहिजे. नोव्हेंबर २०१६ मध्ये राज्याच्या शिक्षण खात्याने फर्मान काढले होते की शिक्षकांनी विद्यार्थ्यांसोबत सेल्फी काढून 'सरल'वर चढवावी. शिक्षक संघटनांनी विरोध केला आणि जानेवारी २०१७ मध्ये ते थांबले. पण विरोध कशासाठी होता? इंटरनेट चालत नाही, वेळ जातो, यासाठी. मुलांच्या चेहऱ्यांचे काय, हा मुद्दा मागेच राहिला. आजही पोषण आहाराचे ताट हातात दिलेल्या मुलांचे फोटो आम्ही गटावर टाकतो. एका विद्यार्थिनीच्या अम्मीने मला विचारले होते, "टीचर, ये फोटू जाता कहाँ?" मी म्हटले, ऑफिसमध्ये. खरे तर मलाही ठाऊक नव्हते. तिच्या या साध्या प्रश्नात मला पुलावरच्या हवालदारापेक्षा जास्त कायदा दिसतो. निदान तिने माझे नाव विचारले नाही, काम विचारले.

हेडसरांशी माझे अजून मिटलेले नाही. ते म्हणतात, पुढच्या वेळी पोलीस ठाण्यातून परवानगीचे पत्र आणा. मी म्हणते, ज्याला परवानगी लागत नाही त्याची परवानगी मागितली की ती उद्या सगळ्यांनाच लागू लागेल. माहितीसाठी पत्र देते, मंजुरीसाठी देणार नाही. पत्राच्या मथळ्यात कोणता शब्द लिहायचा यावर आमची तीन वेळा वादावादी झाली आहे.

प्रकल्पाची वही मात्र पूर्ण झाली. टपाल कचेरी आणि दर्ग्याची कमान यांचे फोटो दुसऱ्या दिवशी मी एकटीने जाऊन काढले. पुलाच्या पानावर फोटो नाही. तिथे एका विद्यार्थिनीने आठवून पेन्सिलीने पूल काढला आहे, पाचही कमानी, खालचे पाणी आणि कठड्याशी छत्र्या घेऊन उभी असलेली माणसे. शासकीय गुपिते अधिनियमाच्या त्याच कलमात रेखाचित्र आणि आराखडा हेही आहेत. त्या कायद्याच्या व्याख्येनुसार रेखाचित्रात छायाचित्रही येते. ती वही शाळेच्या कपाटात ठेवली आहे, कुणालाही पाहता येईल अशी.